होमपेज मस्तच आहे, पण मेल आला का?

"तीन वेळा लिहिलं तुम्हाला, एकदाही उत्तर नाही. काम घ्यायचं नसेल तर तसं सांगा तरी."

हा मेसेज मला मिळाला तोसुद्धा वेबसाईटवरून नाही, एका ओळखीच्या बाईंनी फॉरवर्ड केला म्हणून कळलं. लिहिणाऱ्याचा सूर चिडका होता आणि बरोबरच होता, कारण माझ्या बाजूने खरंच काहीच गेलं नव्हतं. पण मला तरी कुठे काही आलं होतं? इनबॉक्स पाहिला, स्पॅम पाहिलं, ट्रॅश पाहिलं, नावाने शोधलं, पत्त्याने शोधलं, कुठेच काही नाही. आणि माझी पक्की खात्री की फॉर्म चालतोय, कारण साईट सुरू केली तेव्हा मी स्वतः टेस्ट केला होता ना.

मी वेबसाईट बनवते, हेच माझं काम. आणि गेली दोनेक वर्षं स्वतःचं एक बारकंसं ऑनलाईन दुकानही चालवते, छापून वापरायच्या प्लॅनरच्या पीडीएफ फाईली, महिन्याची पानं, खर्चाचा तक्ता, असलं काहीबाही. त्याच साईटवर "तुमच्यासाठी वेगळं डिझाईन हवंय का" असा फॉर्म आहे. तर त्या फॉर्मवर अडीच महिने फारसं काही येत नव्हतं आणि मी मनाची समजूत घातली होती की सीझन नाहीये. कसला सीझन, प्लॅनरला!

आता यातली गंमत सांगते कारण ती कोणाच्याही साईटवर होऊ शकते. फॉर्म भरला की साईटचा सर्व्हर मला मेल पाठवतो. त्या मेलच्या "फ्रॉम" मध्ये मी भरणाऱ्याचाच पत्ता टाकला होता, म्हणजे मला नुसतं रिप्लाय दाबलं की थेट त्याला उत्तर जाईल, केवढी हुशारी. पण मेल घेणाऱ्याच्या बाजूने बघा, एक मेल आलाय जो म्हणतो मी याहूवरच्या अमुक माणसाकडून आलोय, आणि प्रत्यक्षात तो आलाय कुठल्यातरी होस्टिंगच्या सर्व्हरवरून ज्याचा याहूशी काडीचा संबंध नाही. म्हणजे दुसऱ्याच्या नावाने पत्र. आणि याहूने २०१४ च्या एप्रिलमध्येच जाहीर करून टाकलंय की आमच्या नावाने दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवरून मेल आला तर तो सरळ नाकारा, त्याला डीमार्कची रिजेक्ट पॉलिसी म्हणतात. म्हणजे स्पॅममध्येसुद्धा पडत नाही, दारातूनच परत. त्या बाईंच्या ओळखीच्या माणसाचा पत्ता अर्थातच याहूचा होता. नंतर पाहिलं तर दुसऱ्या सर्व्हिसवाल्या काही लोकांचे मेल स्पॅममध्ये पडलेले सापडलेसुद्धा, वरच्या वर पाहून सोडून दिलेले.

आणि माझी टेस्ट का पास झाली? कारण मी टेस्ट माझ्या दुकानाच्याच पत्त्यावरून केली होती. माझ्या डोमेनच्या, म्हणजे साईटच्या नावाच्या, एसपीएफ रेकॉर्डमध्ये (या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवायचे त्याची यादी) त्या सर्व्हरला परवानगी आहेच, त्यामुळे तो मेल एकदम साळसूद. म्हणजे ज्या एकाच पत्त्यावरून हमखास चालणार त्याच पत्त्यावरून मी तपासलं आणि खूश झाले.

दुरुस्ती पाच मिनिटांची. फ्रॉममध्ये आपल्याच डोमेनचा पत्ता, आणि भरणाऱ्याचा पत्ता "रिप्लाय-टू" मध्ये. बस. त्याच्या जोडीला मी आता प्रत्येक फॉर्म डेटाबेसमध्येही साठवते, मेल जावो न जावो नोंद राहते. आणि एसपीएफ, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क हे तिन्ही नीट लावून घेतलं. हे पूर्वी मोठ्या कंपन्यांचं प्रकरण वाटायचं पण गूगल आणि याहूने २०२४ च्या फेब्रुवारीपासून नियम कडक केले, त्यातले जास्तीचे नियम जीमेलपुरते बोलायचं तर दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना आहेत, पण एसपीएफ किंवा डीकेआयएम यातलं काहीतरी एक तर आता सगळ्यांनाच लागतं. तुमचं दुकान केवढंही असो.

त्या अडीच महिन्यांत मी काय करत होते माहितीये? होमपेजचा रंग बदलत होते. खरंच. वरच्या पट्टीचा हिरवा जरा डोळ्यात खुपतोय असं वाटत होतं म्हणून तीन दिवस घातले.

हेच माझं दुखणं आहे आणि मला वाटतं बऱ्याच डिझायनर लोकांचं असेल. आपण होमपेजवर जीव टाकतो कारण तेच दाखवायचं असतं, क्लायंटला तेच दिसतं, पोर्टफोलिओत त्याचाच स्क्रीनशॉट जातो. आणि धंदा तिथे नसतोच. तो असतो फॉर्ममध्ये, पेमेंटनंतरच्या पानावर, ऑर्डरच्या मेलमध्ये, "काहीतरी चुकलं" असं लिहिलेल्या त्या लाल ओळीत, म्हणजे जिथे डिझायनर परत फिरकतही नाही.

होमपेजचंच काढलंय तर स्लायडरबद्दल बोलून घेते. माझ्याही साईटवर होता, पाच फोटो आपोआप सरकणारे, दिसायला झकास. क्लायंट लोकांचा तर हट्टच असतो कारण पाच जणांना पाच गोष्टी वर हव्या असतात आणि स्लायडर लावला की भांडण मिटतं. पण दुसऱ्या फोटोपर्यंत थांबतंय कोण? नॉत्र दाम विद्यापीठाच्या साईटवर २०१३ मध्ये एका वेब डेव्हलपरने मोजून पाहिलं होतं, जेमतेम १ टक्का लोकांनी स्लायडरवर क्लिक केलं आणि त्यातलेही बहुतेक सगळे पहिल्याच फोटोवर. मी माझा काढला तेव्हा कोणी एक अक्षर बोललं नाही, बहुतेक कोणाला कळलंच नाही. आता तिथे एकच फोटो आहे.

त्या एका फोटोवरही मी माती खाल्लीच. कुठेतरी वाचलं होतं की फोटोंना लेझी लोडिंग लावा, साईट पळते. मी सगळ्यांनाच लावून टाकलं, अगदी वरच्या मोठ्या फोटोलासुद्धा. लेझी लोडिंगचा अर्थच हा की ब्राउझरने आधी पानाची मांडणी बघावी, फोटो स्क्रीनच्या आसपास येतोय का ते ठरवावं आणि मगच आणायला जावं. खालच्या फोटोंना ते ठीक. पण जो फोटो पान उघडताक्षणी दिसायलाच हवा त्याला आपणच सांगतोय की बाबा थांब जरा. गूगलच्या हिशोबात पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसली तर ठीक, त्याला एलसीपी म्हणतात, माझं पान स्वस्तातल्या फोनवर त्याच्या बरंच पुढे जात होतं. लेझी काढलं, फोटो वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये केला, रुंदी-उंची एचटीएमएलमध्ये लिहिली म्हणजे फोटो येईपर्यंत खालचा मजकूर उड्या मारत नाही, आणि विषय संपला. नवं काही शिकावं लागलं नाही, आधी केलेलं उलटं करावं लागलं.

बरं, आता चेकआउट. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

माझ्या एका मैत्रिणीला म्हटलं, तुझ्या फोनवरून माझं एक प्लॅनर विकत घे आणि मी नुसती शेजारी बसून बघते, काही बोलणार नाही. न बोलणं किती अवघड असतं ते करून बघा. तिने पहिल्याच चौकटीत बोट लावलं आणि सगळं पान भसकन मोठं झालं, उजवीकडची बाजू स्क्रीनच्या बाहेर. तिने दोन बोटांनी परत लहान केलं. पुढच्या चौकटीत बोट, परत मोठं. परत लहान. सहा चौकटी होत्या. चौथ्या चौकटीला ती म्हणाली, "तुझी साईट माझ्या फोनवर नीट बसत नाहीये गं." आणि मी कॉम्प्युटरवर हे पान शंभर वेळा पाहिलेलं.

कारण इतकं क्षुल्लक की सांगायला लाज वाटते. आयफोनच्या सफारीमध्ये चौकटीतल्या अक्षरांचा आकार १६ पिक्सेलपेक्षा कमी असेल तर बोट लावल्यावर तो आपणहून झूम करतो, वाचता यावं म्हणून. माझी अक्षरं १४ ची होती कारण १४ नाजूक दिसतात. त्यात चौकटीवरची नावं फिकट करड्या रंगात, कोड हॅश ९९९, तो रंग पांढऱ्यावर दिसायला फार सोज्वळ असतो पण त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांतला फरक, भरतो २.८५, आणि साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ हवा असं डब्ल्यूसीएजीचे, म्हणजे साईट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे, नियम सांगतात. मैत्रीण खिडकीपाशी बसली होती, फोनवर ऊन पडलं होतं, तिला ती नावं दिसतच नव्हती, अंदाजाने भरत होती. मी हॅश ७६७६७६ केला, तोही करडाच आहे, ४.५ च्या जरासा वर जातो, आणि खरं सांगू का कोणालाही फरक जाणवला नाही, माझ्याशिवाय.

सहा चौकटी कशाला हेही त्याच दिवशी उमगलं. पीडीएफ विकतेय मी, मला त्यांचा पत्ता कशाला हवाय? फोन नंबर कशाला? आधीच्या एका क्लायंटच्या साईटवरून फॉर्म उचलला होता, त्याच्याबरोबर चौकटीपण आल्या. पत्ता काढला, फोन काढला, पासवर्ड टाकून अकाउंट उघडा हे काढलं, नाव ठेवलं पण सक्तीचं नाही. मेल आणि पेमेंट. मेलच्या चौकटीला प्रकार ईमेल दिला की फोनवर ॲट-चिन्हाचा कीबोर्ड येतो, ऑटोकम्प्लीट लिहिलं की ब्राउझर स्वतः भरतो. एवढंच.

पण चेकआउटमधला खरा घोळ दिसण्यातला नव्हताच, तो पैशांचा होता. एकांचा मेल आला, पैसे कटले, फाईल आली नाही. मी ऑर्डर बघते तर "पेंडिंग". पेमेंट गेटवेच्या, म्हणजे ऑनलाईन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीच्या, डॅशबोर्डवर बघते तर पैसे जमा. मग लक्षात आलं की त्यांनी पैसे भरताना बँकेच्या ॲपमध्ये जाऊन मंजुरी दिली, तेवढ्यात फोनने मागचा ब्राउझर बंद करून टाकला, आणि माझ्या थँक्यू पेजवर ते परत आलेच नाहीत. आणि माझा कोड असा होता की थँक्यू पेज उघडलं की ऑर्डर पूर्ण झाली असं समज. म्हणजे पैसे मिळाल्याचा निरोप मी गिऱ्हाइकाच्याच हाती देत होते आणि गिऱ्हाईक वाटेतूनच घरी गेलं.

याच्या उलट बाजूचा विचार मला रात्री झोपताना आला आणि मी उठूनच बसले. थँक्यू पेज उघडलं की ऑर्डर पूर्ण होते, तर मग ज्याला त्या पानाची लिंक कशी बनते ते कळलं तो पैसे न देता ते पान उघडेल आणि फाईल घेऊन जाईल! कोणी नेली असतील का, नसतील बहुतेक, माझ्या प्लॅनरसाठी एवढी उठाठेव कोण करणार, पण दार तर सताड उघडं होतं.

यावरचा इलाज म्हणजे वेबहूक. गेटवेचा सर्व्हर थेट तुमच्या सर्व्हरला कळवतो की अमुक ऑर्डरचे पैसे आले, गिऱ्हाइकाचा ब्राउझर मेला का जगला याच्याशी घेणंदेणं नाही. त्या निरोपावर सही असते, ती तपासायची म्हणजे भलत्याच कोणी खोटा निरोप पाठवला तर कळतं. आणि एक गोष्ट जी मी अर्थातच ठेच लागल्यावर शिकले, तोच निरोप दोनदा येऊ शकतो. तुमच्या सर्व्हरने वेळेत "मिळालं" म्हटलं नाही की गेटवे परत पाठवतो, ते बरोबरच आहे, पण माझा सर्व्हर आधी मेल पाठवायचा, फाईलची लिंक तयार करायचा आणि मग सावकाश "मिळालं" म्हणायचा. त्यामुळे काही लोकांना एकाच ऑर्डरचे दोन मेल, एकांना तीन. एका आजोबांनी तर विचारलं की तीनदा पैसे गेले का. आता निरोप आला की आधी पोचपावती द्यायची, ऑर्डर नंबर बघायचा, हा पूर्वी झालाय का ते तपासायचं, झाला असेल तर गप्प बसायचं.

हे सगळं कुठल्याही तयार दुकानाच्या सिस्टीममध्ये आधीच केलेलं असतं, वूकॉमर्स वगैरे घेतलं असतं तर माझे निम्मे ताप वाचले असते. मला स्वतः लिहायची खाज होती. तीन प्रॉडक्टसाठी एवढं मोठं कशाला असं वाटलं. कोणी विचारलं तर मी आता तयार घ्या असंच सांगते आणि स्वतः मात्र अजून आपलंच चालवते, तो भाग सोडा.

एक मराठीपुरतं सांगते कारण हे इंग्रजीतल्या ट्युटोरियलमध्ये सहसा सापडत नाही. हेडिंग जरा मोकळं दिसावं म्हणून लेटर-स्पेसिंग देतात ना, ते देवनागरीला लावू नका. अक्षरं एकमेकांपासून लांब जातात तशी शिरोरेषाही तुटते, दोन अक्षरांच्या मध्ये फट, सगळा शब्द दात पडल्यासारखा दिसतो. विकतच्या थीममध्ये हे आधीच लिहिलेलं असतं आणि मराठी मजकूर टाकला की का विचित्र दिसतंय ते कळत नाही. शून्य करून टाका. आणि ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जरा जास्त ठेवा, वर रफार-मात्रा, खाली उकार, त्यांना जागा लागते.

क्लायंटच्या कामाबद्दल फार लिहित नाही, त्यावर आधीच पुष्कळ रडून झालंय. किती वेळा बदल करून देणार हे आधी लिहून घ्या, ॲडव्हान्स घ्या, सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी करत नाही. फक्त डोमेनचं तेवढं बघा. माझ्याकडे एक जण आले, साईट बंद पडली म्हणून. डोमेन आधीच्या डिझायनरच्या नावावर, मेलही त्याच्याचकडे जाणार, तो आता हे काम सोडून गेलेला आणि फोन उचलत नाही. मुदत संपून गेली होती. डॉटकॉमचं असं असतं की मुदत संपल्यावर जास्तीत जास्त ४५ दिवस नेहमीसारखं रिन्यू करता येतं, तेही रजिस्ट्रारवर, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीवर आहे, मग ३० दिवस जास्तीचे पैसे भरून सोडवता येतं, मग ५ दिवस काहीच करता येत नाही आणि मग ते ज्याला हवं त्याचं. आम्ही त्या ३० दिवसांत होतो. सुटलं, पण नाव त्यांचं नव्हतंच त्यामुळे सोडवायला आधी तो माणूस शोधावा लागला, त्यात दोन आठवडे गेले. तेव्हापासून मी डोमेन क्लायंटच्या समोर बसून क्लायंटच्याच मेलवर आणि क्लायंटच्याच कार्डाने घ्यायला लावते. ते वैतागतात, वैतागू देत.

साईट सुरक्षित आहे असं ब्राउझरला सांगणाऱ्या सर्टिफिकेटचंही तसंच. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं, ९० दिवस चालतं, आपोआप नवं होतं म्हणून आपण विसरतो. ते आपोआप होणं बंद पडलं तर पूर्वी निदान त्यांच्याकडून आठवणीचा मेल यायचा, २०२५ च्या जूनपासून तोही बंद झाला. मी कॅलेंडरमध्ये टाकून ठेवलंय.

तर आता मी दर सोमवारी सकाळी चहा व्हायच्या आत स्वतःच्याच दुकानातून एक खरेदी करते. खरे पैसे भरून, फोनवरून, वायफाय बंद करून, आणि दर वेळी वेगळ्या मेलच्या पत्त्यावरून, एकदा याहूच्याही. फॉर्म भरते, पेमेंट करताना मुद्दाम ब्राउझर बंद करते, मग मेलची वाट बघत बसते. नवरा विचारतो, स्वतःलाच विकून कुठवर धंदा करणार.

या सोमवारी सगळं झालं. पान झूम झालं नाही, पैसे गेले, ब्राउझर बंद केला तरी ऑर्डर पूर्ण झाली, मेल एकच आला, स्पॅममध्ये नाही, इनबॉक्समध्ये. खूश होऊन उघडला. पहिलीच ओळ अशी होती: "नमस्कार   , तुमची ऑर्डर मिळाली."

नाव सक्तीचं नाही ना केलं मी. बसते आता ते बघायला.